आवडत्या चित्राची मालकी

आपणांस आवडणारी पाच चित्रे कोणती आणि ती का आवडतात, ते सवडीने लिहून पाठवावे, असे संपादकमहाशयांचे पत्र आले तेव्हा आम्हांस प्रथम आनंदच झाला. दुसऱ्यांची भांडणे वाचण्यात ज्याचा सारा दिवस जातो त्यास चित्रांविषयी लिहावयास कोणी सांगावे, हा मोठाच मान होय. रविवारी सकाळी चहा झाल्यावर आम्ही एका कागदावर मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूस चित्रांची नावे, उजव्या बाजूस आवडीची कारणे. डावी बाजू पाव तासात भरली. उजव्या बाजूस मात्र जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत जे काही उतरले त्यात रंगाविषयी, रेषेविषयी किंवा मांडणीविषयी एक अक्षरही नव्हते. एका चित्रासमोर वडिलांची भिजलेली छत्री होती, दुसऱ्यासमोर आईचा प्रवासात हरवलेला चष्मा, तिसऱ्यासमोर नुसतेच एका दुखण्याचे नाव. विचारावे एक आणि साक्षीदाराने सांगावे दुसरेच, असा तो प्रकार झाला. असल्या साक्षीदारास न्यायालयात आम्ही दोन मिनिटांत पिंजऱ्यातून खाली उतरविला असता.

तो कागद तसाच दोन महिने पडून राहिला. संपादकांनी मागितलेली यादी आमच्याकडून झाली नाही. झाले ते हे लिखाण.

‘हे चित्र चांगले आहे’ आणि ‘हे चित्र आम्हांस आवडते’ ही दोन विधाने एकाच तोंडून, एकाच श्वासात निघतात. पण ती एका जातीची नव्हेत. पहिले विधान करणाऱ्यास पुरावा मागता येतो. चित्रात तोल कोठे आहे, प्रकाश कोठून येतो, देहाचे वजन जमिनीवर टेकले आहे की नाही, हे त्यास दाखवावे लागते आणि दुसऱ्यास ते खोडून काढता येते. दुसऱ्या विधानास उलटतपासणी नाही. आवडते म्हटले की आवडते. त्यावर कोणी काय बोलावे? गंमत अशी की आम्ही सारे दुसरे विधान करतो आणि मान मात्र पहिल्याचा मागतो. आमच्या आवडत्या चित्रास कोणी नाक मुरडले की आमच्या नातलगाचाच अपमान झाल्यासारखे आम्ही उसळतो. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर आवडत्या चित्रापुढे उभा असलेला माणूस हा हितसंबंधी साक्षीदार असतो. आता, हितसंबंधी आहे एवढ्यावरून कोणाची साक्ष फेकून देता येत नाही. ती अधिक काळजीने तपासावी, एवढेच न्यायालये सांगत आली आहेत. तीच काळजी येथे घेण्याचा विचार आहे.

आमचा जन्म बडोद्याचा, आणि बडोद्यातल्या मराठी माणसास चित्रे शोधीत हिंडावे लागत नाही. १८८८ साली सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्यास पुराणप्रसंगांची चौदा चित्रे काढावयास सांगितली. १८९० च्या सुमारास ती पुरी झाली आणि राजवाड्यात जाण्यापूर्वी लोकांस पाहावयास मांडली गेली. नल-दमयंती, शंतनु-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका ही सारी मंडळी आज फत्तेसिंग संग्रहालयात नांदत आहेत आणि बडोद्याचे लोक त्यांच्याविषयी गल्लीतल्या बिऱ्हाडकरूंविषयी बोलावे तसे बोलतात. कमाटी बागेतील संग्रहालय १८९४ चे; त्यास जोडलेले चित्रदालन महायुद्धामुळे रखडून १९२१ साली लोकांस खुले झाले. तेथे युरोपीय चित्रे पुष्कळ आहेत. पण शाळेच्या सहलीतून आलेल्या कोणत्याही मुलास विचारा, त्यास आठवतो तो देवमाशाचा अजस्र सांगाडा आणि मिसर देशातून आणलेली ममी. आमचीही तीच गत होती, हे कबूल केलेले बरे.

कीर्तिमंदिराची गोष्ट वेगळी. गायकवाड घराण्याच्या त्या स्मारकाच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ पासून पुढे काही वर्षे येऊन चित्रे काढली: गंगावतरण, मीराबाई, टागोरांच्या ‘नटीर पूजा’ नाटकातला प्रसंग आणि भारतीय युद्ध. एका श्रावणात वडील आम्हांस तेथे घेऊन गेले. आम्ही त्यांस अण्णा म्हणत असू. बाहेर सर येऊन गेली होती. युद्धाच्या भिंतीसमोर अण्णा अभिमन्यूची कथा सांगू लागले आणि सांगता सांगता थांबले. त्यांच्या मिटलेल्या छत्रीचे पाणी फरशीवर ओघळत होते. आजूबाजूस कोणी नव्हते, कोणी काही बोललेही नव्हते. घरात पाण्याचा पेला स्वतः न उचलणारे आमचे अण्णा खाली वाकले, खिशातून रुमाल काढला आणि गुडघे टेकून त्यांनी ती फरशी कोरडी केली. रुमाल पिळून पुन्हा पुसली. मग उठून कथा जेथे सोडली होती तेथून पुढे चालू केली.

त्या भिंतीवर रथ, घोडे, योद्धे यांची एवढी दाटी आहे आणि एवढ्या दाटीतही नंदलालांची रेषा कोठे अडखळत नाही, हे आज आम्हांस कळते. तथापि ते चित्र आमच्या यादीत आले ते या कळण्यामुळे नव्हे. डोळे मिटले की आम्हांस चक्रव्यूह दिसत नाही, वाकलेली पाठ दिसते. मग ‘हे चित्र आम्हांस आवडते’ म्हणताना आम्ही स्तुती कोणाची करतो, नंदलालांची की अण्णांची?

यात बिघडले काय, असे वाचक म्हणतील. चित्र एकाचे, आठवण दुसऱ्याची, दोन्ही एका खुंटीवर टांगली तर खुंटी काही तक्रार करीत नाही. पुष्कळ दिवस आम्हीही असेच म्हणत होतो.

यादीतले दुसरे चित्र म्हैसूरचे. उन्हाळ्याच्या सुटीत आईवडिलांबरोबर आम्ही दक्षिणेस गेलो असता जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रह पाहिला. एका खोलीत मुद्दाम अंधार ठेवलेला; त्यात हाती समई घेतलेली एक तरुणी, दुसऱ्या हाताने ज्योतीस आडोसा धरलेला. या प्रवासात आईचा चष्मा आगगाडीत राहिला होता, त्यामुळे बाकीचे सारे म्हैसूर तिने धुक्यातूनच पाहिले. परंतु या चित्रापाशी ती कितीतरी वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “तिची बोटं बघ रे. दिव्याच्या उजेडानं आतलं रक्त दिसतंय.” चष्म्याशिवाय तिला जे दिसले ते आम्हांस ती बोलेपर्यंत दिसले नव्हते. चित्र रविवर्म्याचे, असे बरोबरच्या कोणी तरी सांगितले. ते खोटे मानण्याचे कारण नव्हते. त्या काळी जुने आणि सुंदर असे काही दिसले की ते रविवर्म्याचेच, असा सर्वत्र समज होता. बाहेर त्याची छापील प्रत घेतली. ती आमच्या देवघराच्या दाराशी लागली.

वकिली सुरू झाल्यावर केव्हा तरी आमच्या वाचनात आले की ते चित्र रविवर्म्याचे नव्हे, सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे. हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. मुंबईत त्यांनी चित्रशाळा चालविली आणि जलरंगावर त्यांचा विलक्षण ताबा होता. समई धरून उभी आहे ती त्यांचीच कन्या गीता, आणि ते चित्र १९४५ च्या सुमाराचे. रविवर्मा १९०६ साली वारले. मृत इसमाने मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी चित्र काढले, असा दावा कोणी आमच्याकडे आणला असता तर आम्ही फी न घेता त्यास परत पाठविला असता. आणि येथे स्वतःच्या देवघरापाशी आम्ही तो दावा पंधरा वर्षे बिनतक्रार मानीत आलो होतो! त्यातून चित्र जलरंगातले. रविवर्म्याची सारी कीर्ती तैलरंगावर उभी. डोळे उघडे ठेवले असते तर चित्रानेच खरे नाव सांगितले असते.

मोठा शोध लावल्याच्या आविर्भावात आम्ही आईला ही हकीकत सांगितली. ती वाती वळत होती. म्हणाली, “असेल. हात कुणाचा म्हणालास?” चित्रकाराच्या मुलीचा, असे आम्ही सांगितले. “मुलीचा होय? तरीच,” असे म्हणून तिने पुढची वात वळावयास घेतली.

आईचे काही गेले नाही. उलट तिच्या आवडीस एक आधार मिळाला. पण हळदणकरांचे पुष्कळ गेले होते. ते १९६८ साली वारले आणि त्यांच्या पश्चातही त्या चित्रापुढे उभे राहून लोक दुसऱ्याच माणसास धन्यवाद देत राहिले. एकाने राबावे आणि मजुरी दुसऱ्याच्या हाती पडावी, यास आपण इतर ठिकाणी अन्याय म्हणतो. मनापासून प्रेम करणारे हजारो लोक मिळून हा अन्याय करीत होते, आणि त्यांतल्या एकासही आपण काही वावगे करीत आहो असे वाटले नाही; कारण ज्याचे त्याचे लक्ष आपल्या आठवणीकडे होते. प्रेम करणाऱ्याने एवढी तरी चौकशी करावी की नाही, की ज्याचे आपण खातो त्याचे नाव काय?

आठवणीचा यापेक्षा कठोर चेहरा गोमंतकातील वाचकांस परिचित असेल. आंजेलो द फोन्सेका हा १९०२ साली सांत इस्तेव येथे जन्मलेला चित्रकार. वैद्यकाचा अभ्यास सोडून तो चित्रकलेकडे वळला आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांच्या व नंदलालांच्या हाताखाली शिकला. गोव्यास परतल्यावर त्याने मारिया मातेस साडी नेसविली, तिचा वर्ण आपल्या मातीचा केला, आणि तिला आपल्याकडील बाई जशी बसते तशी जमिनीवर बसविली. भाविक आणि धर्मगुरू दोघेही दुखावले. त्यास गाव सोडावे लागले. पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्याने आयुष्य घालविले आणि १९६७ साली तो तेथेच वारला. आज त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीस झेवियर संशोधन केंद्रात मानाने ठेवलेला आहे, ही गोष्ट नंतरची.

ज्यांनी त्यास नाकारले ते दुष्ट होते असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी आपल्या आईच्या कुशीत बसून वेदीवरची गोरी, निळ्या झग्यातली माता पाहिली होती. तिच्यापुढे आजाऱ्यांसाठी मेणबत्त्या लावल्या होत्या, तारवावर गेलेल्यांसाठी आळवणी केली होती. कोणी एका तरुणाने येऊन ‘माता अशीही असेल’ म्हणताच आपल्या साऱ्या मेणबत्त्या विझविल्या जात आहेत असे त्यांस वाटले असले पाहिजे. खरे पाहता तो निळा झगाही कोणा परक्या देशातल्या चित्रकाराचीच कल्पना. पण ती कल्पना आधी येऊन बसली होती, आणि आधी बसलेल्यास वहिवाटीचा हक्क असतो. आम्ही हिंदूंनी येथे हसण्याचे कारण नाही. कमळावरच्या लक्ष्मीचे आमच्या मनातले रूप बहुतांशी रविवर्म्याच्या छापखान्याने घरोघर पोचविलेले आहे. त्याचे वय सव्वाशे वर्षांहून थोडे अधिक. ते अनादि आहे असे समजून आम्ही दुसऱ्या रूपांवर रागावतो.

तर आठवण ही चित्रकाराचे नाव पुसू शकते आणि दुसऱ्या चित्राची वाटही अडवू शकते. इतके आम्ही त्या कागदावर लिहून झालो होतो आणि येथे थांबलो असतो तर लेख नेटका झाला असता. परंतु यादीत पहिल्या क्रमांकावर जे चित्र होते त्याविषयी अजून एक शब्द लिहिलेला नाही, आणि खरे तर एवढे लांब फिरून आम्ही त्याच्याच दाराशी यावयाचे टाळीत होतो.

१८९४ साली रविवर्म्याने मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. त्यातून प्रथम बाहेर पडलेले चित्र ‘शकुंतलाजन्म’. त्याची एक प्रत आमच्या पणजोबांनी केव्हा तरी घेतली. नक्की साल घरात कोणास ठाऊक नाही. दांडिया बाजारातील आमच्या घरी ती मधल्या खोलीत, अण्णांच्या आरामखुर्चीच्या वर लावलेली होती. खालच्या डाव्या कोपऱ्यास ओल लागून तपकिरी डाग पडलेला. चित्रात मेनका तान्ह्या मुलीस घेऊन उभी आहे आणि ती मुलगी विश्वामित्रापुढे धरते आहे. विश्वामित्राने तोंड फिरविले आहे आणि एक हात वर केला आहे.

नऊ वर्षांचे असताना आम्हांस कावीळ झाली. महिनाभर त्याच खोलीत आमचे अंथरूण होते. संध्याकाळी अण्णा कचेरीतून येत, खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचीत आणि मधूनमधून हात लांब करून आमचे कपाळ चाचपीत. त्यांचा तो हात आणि वर चित्रातल्या ऋषीचा हात, दोन्ही आम्हांस एकाच वेळी दिसत. ऋषी बाळास आशीर्वाद देत आहे, याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. पुढे महाभारतातील कथा कळली. तो हात आशीर्वादाचा नसून ‘नको, दूर ने’ म्हणणारा आहे हेही कळले. वाचन दुरुस्त झाले, आवड दुरुस्त झाली नाही. चित्राकडे पाहिले की आमचे कपाळ अजूनही निवते.

आई आधीच गेली होती; तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. मागे आम्ही दोन भावंडे: बेळगावास दिलेली ताई आणि आम्ही. ताई आमच्याहून पाच वर्षांनी वडील. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या पित्याच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच वाटा दिला. वडिलार्जित एकत्र मिळकतीत जी कसर राहिली होती ती २००५ च्या दुरुस्तीने बहुतेक भरून काढली. कायदा असा आणि रीत अशी की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, भावाने चोळीबांगडी करावी आणि माहेरचे दार उघडे राहावे. असली हक्कसोडपत्रे आम्ही आजवर किती तयार केली असतील त्याची मोजदाद नाही. ताईने स्वतःच विषय काढला. दिवसकार्य आटोपल्यावर म्हणाली, “घरात मला काही नको. कागद करून ठेव, मी सही करीन. ते चित्र तेवढं मला दे.”

आम्ही ‘नाही’ म्हणालो.

हे लिहिताना आज लाज वाटते. पण साक्ष द्यावयाची तर पुरती द्यावी. आईचे दागिने घे, चांदीची भांडी घे, म्हणशील ते घे, चित्र मिळणार नाही, असे आम्ही सांगितले. कारणेही दिली. काविळीचा महिना सांगितला, कपाळावरचा हात सांगितला. ती पंचवीस वर्षे बेळगावात. आम्ही त्या चित्राखाली रोज बसत आलो. बारा वर्षांच्या बिनहरकत वहिवाटीने परक्याची जमीनसुद्धा आपली होते, असा विनोदही केला. आणि शेवटी, ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो उलटतपासणीत विचारू नये हा धंद्याचा पहिला धडा विसरून, विचारले, “तुला ते चित्र आवडत तरी होतं का कधी?”

“आवडत नाहीच,” ताई म्हणाली.

मग तिने सांगितले. बारावी झाल्यावर तिने विद्यापीठाच्या ललितकला विभागाचा अर्ज आणला होता. ज्या ठिकाणी चित्रकला शिकण्यासाठी देशभरातून मुले बडोद्यास येतात, ते आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. अर्ज भरून, सहीसाठी ती अण्णांच्या खुर्चीपुढे उभी राहिली. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरविले आणि एक हात वर केला. ती अर्ज धरून बराच वेळ उभी होती. मग तिचे लक्ष वर गेले. “तोवर मलाही वाटायचं, तो आशीर्वादच देतोय,” ती म्हणाली. “त्या दिवशी कळलं.”

आणि आम्ही? आम्ही त्या दिवशी घरातच असलो पाहिजे, बहुधा पलीकडच्या खोलीत पाढे घोकीत. आम्हांस त्यातले काही आठवत नाही. काविळीच्या महिन्यातला भिंतीवरचा ऊन-सावलीचा पट्टासुद्धा ज्यास आठवतो, त्या साक्षीदारास आपल्या बहिणीच्या आयुष्यातला तो दिवस आठवत नाही. ती पुढे वाणिज्य शाखेस गेली, पदवी घेतली, लग्न होऊन बेळगावास गेली. तिच्या घरी आम्ही अनेकदा राहिलो आहो. भिंतीवर घड्याळ आणि दिनदर्शिका यांखेरीज काही नसते, हे आम्ही पाहिले होते. का नसते, हे कधी विचारले नव्हते.

आता यात खरे कोणाचे? दोन्ही साक्षीदार प्रामाणिक, खोली एक, खुर्ची एक, चित्र एक. हात मात्र एकास आशीर्वाद झाला आणि दुसरीस नकार. रविवर्म्यास विचारले तर तो ताईच्या बाजूने निकाल देईल. त्याने नकारच रंगविला आहे. आमची सारी आवड एका चुकीच्या वाचनावर उभी, तिची नावड चित्राच्या खऱ्या अर्थावर. पण हा वाद अर्थाचा नव्हताच. कीर्तिमंदिरात गुडघे टेकून फरशी पुसणारे अण्णा खोटे नव्हते, आणि खिडकीकडे तोंड फिरविणारे अण्णाही खोटे नव्हते. आपल्या वाट्यास आलेला अर्धा माणूस आम्ही पुरा समजून बसलो होतो, आणि ते चित्र आमच्या भिंतीवर असेतोवर उरलेल्या अर्ध्याची दखल घेण्याचे कारणच पडले नव्हते. न आवडणाऱ्या चित्रावर ताईने हक्क सांगितला तो याच उरलेल्या अर्ध्यासाठी असावा. आवडते म्हणजे आपले, हे समीकरण आम्ही सहज धरून चाललो होतो. जे आवडत नाही तेही आपले असू शकते, कधी कधी अधिक आपले असते, हे आम्हांस सुचले नव्हते.

हे सारे बोलणे त्याच मधल्या खोलीत झाले. चित्र वर होते. खाली टेबलावर आमच्या हाताने तयार केलेला हक्कसोडपत्राचा मसुदा होता: ‘मी लिहून देणार, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...’ हे शब्द आम्ही शेकडो वेळा लिहिले आहेत. कोणी परका पक्षकार असा कागद घेऊन आला असता, ज्यात बहिणीने निम्मे घर सोडले आहे आणि ज्याचा लेखक खुद्द लाभ घेणारा भाऊ आहे, तर लिहून देणारीने त्रयस्थ वकिलाचा सल्ला घेतला होता काय, हा प्रश्न आम्हीच पहिल्याने विचारला असता. ताईस तो कोणी विचारला नाही. निम्म्या घराच्या बदली तिने डाग पडलेला एक कागद मागितला होता, आणि आम्ही हात वर केला होता.

चित्र आम्ही स्वतः बेळगावास नेले. आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळून, सुतळीने बांधून, रात्रभर मांडीवर धरून. ताईने स्वयंपाकघराच्या दारासमोरची भिंत आधीच रिकामी करून ठेवली होती. आम्ही स्टुलावर चढलो, ती खालून सांगत होती, “थोडं डावीकडे. अजून. हां, तिथं.” खिळा ठोकून झाल्यावर ती चहा टाकावयास आत गेली, चित्राकडे तिने मुद्दाम असे पाहिले नाही.

हक्कसोडपत्राचा मुद्रांक आमच्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर टंकलेखन झालेले आहे, साक्षीदारांची जागा मोकळी आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ताईचा फोन येतो, आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती विचारते, “अरे, तो कागद कधी पाठवतोस सहीला?” मिळकतीच्या परिशिष्टात एक चूक राहिली आहे, ती दुरुस्त करावयाची आहे, असे आम्ही दर वेळी सांगतो.